अभियांत्रिकीचे पहिले सत्र आणि खारेपाटातला विद्यार्थी

जुलै महिना उजाडला की अलिबागच्या तहसील कचेरीच्या आवारात आणि सेतू केंद्रांपुढे एक विशिष्ट गर्दी दिसू लागते. खारेपाटात भाताच्या लावणीची घाई असते, आभाळ गळत असते, आणि तरीही बाप लावणी मजुरांवर सोपवून मुलाबरोबर रांगेत उभा असतो. मुलाच्या हातातील प्लास्टिकच्या फाईलमध्ये बारावीची गुणपत्रिका, सीईटीचा निकाल, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, असल्यास जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेयर अशी कागदपत्रे असतात. एक दाखला राहिला तर वर्ष जाईल, या धास्तीने सारे घर दोन महिने झोपत नाही. मग कधीतरी ऑगस्टमध्ये जागा मिळाल्याचा संदेश येतो, पेढे वाटले जातात आणि घराला हायसे वाटते. मुलगा इंजिनिअर झाला, अशीच त्या दिवशी भावना असते.

वस्तुतः खरी कसोटी त्या दिवसानंतर सुरू होते. प्रवेशासाठी जेवढी जागरणे होतात, त्याच्या दशांश विचारही पुढच्या चार महिन्यांचा होत नाही. चौल, नागाव, पोयनाड, शहाबाज, रामराज अशा गावांतून निघून लोणेरे, नवी मुंबई किंवा पुणे येथे पोहोचलेल्या मुलाचे अभियांत्रिकीचे भवितव्य बव्हंशी पहिल्या सत्रातच ठरते. असे असूनही आपल्या शैक्षणिक चर्चेत पहिल्या सत्राला स्थान नाही. प्रवेशाच्या फेऱ्यांवर वृत्तपत्रांचे रकाने भरतात. शेवटच्या वर्षीच्या नोकऱ्यांच्या आकड्यांवर जाहिराती निघतात. मधला सगळा काळ जणू आपोआप निभावून जाणार असतो.

हा समज का झाला, याला इतिहास आहे. पुण्यातील अभियांत्रिकीचा वर्ग १८५४ साली सुरू झाला, मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था १८८७ साली निघाली. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे. इतक्या थोड्या जागांत शिरकाव होणे हेच कर्तृत्व होते. इंटर सायन्सला पहिल्या वर्गात आलेल्या मुलांतूनही निवडकच तेथे पोहोचत, आणि जो पोहोचला तो बहुधा पार पडत असे. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. या निर्णयाची पुष्कळ टीका झाली, त्यातली बरीचशी योग्यही होती. परंतु कोकणातल्या शेतकऱ्याच्या, प्राथमिक शिक्षकाच्या, कचेरीतल्या कारकुनाच्या मुलाला ही वाट त्या निर्णयामुळेच खुली झाली, हेही नाकारता येत नाही. आता जागा पुष्कळ आहेत. प्रवेश हीच मोठी गोष्ट मानण्याचा जुना संस्कार मात्र कायम राहिला आहे.

लोणेरे

रायगड जिल्ह्यापुरते बोलायचे तर १९८९ च्या कायद्याने स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ हा या कथेतला महत्त्वाचा टप्पा होय. माणगावच्या पुढे, मुंबई-गोवा महामार्गालगत लोणेरे येथे ते उभे आहे. अलिबागहून सुमारे शंभर किलोमीटर. अलिबागला प्रवासी रेल्वे आजवर पोहोचलेली नाही. पेणहून थळपर्यंत जो लोहमार्ग आला तो खताच्या कारखान्याच्या मालासाठी. तेव्हा पेण किंवा रोहा मार्गे एसटी, आणि २०११ पासून रुंदीकरणाच्या कामात रखडलेला तो महामार्ग, असा प्रवास मुलाला करावा लागतो. शनिवारी घरी आणि सोमवारी पहाटे परत, हा बेत पहिल्या महिन्यातच फसतो.

विद्यापीठाचे नाव आणि जागा यांचे नाते सहसा कोणी नवागतांना सांगत नाही. महाड तेथून जवळच, आणि २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर काय घडले ते शाळेत शिकविले जाते. परंतु ज्यांच्या नावाने हे तंत्रशास्त्राचे विद्यापीठ चालते ते स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते, रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, आणि अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ पासून १९३९ पर्यंत जो शेतकऱ्यांचा संप चालला त्याला त्यांचा सक्रिय पाठिंबा होता, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते? नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या, पण खोताला शरण गेले नाहीत. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडले. पुढे कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली.

हा इतिहास येथे आठवण्याचे कारण भावनिक नाही, आर्थिक आहे. आजोबांना कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीतले चार-पाच गुंठे विकून नातवाची फी भरली जाते, हा प्रकार अलिबाग तालुक्यात नवलाचा राहिलेला नाही. २०२० साली मांडव्याला रो-रो बोट लागू लागली, मुंबई आणखी जवळ आली आणि बंगल्यांसाठी जमीन मागणाऱ्यांना तोटा नाही. ॲडम स्मिथने १७७६ सालीच असे सुचविले होते की, खूप वेळ आणि श्रम खर्चून शिकलेला माणूस हा महागड्या यंत्रासारखा असतो. त्याच्या कमाईतून तो खर्च नफ्यासह भरून निघाला पाहिजे. गॅरी बेकर यांनी १९६४ साली ‘मानवी भांडवल’ या संकल्पनेला शास्त्रीय रूप दिले. त्या भाषेत सांगायचे तर खारेपाटातले कुटुंब जमिनीच्या भांडवलाचे मानवी भांडवलात रूपांतर करीत आहे. हा व्यवहार मुळात चुकीचा नाही. पण जमीन परत विकत घेता येत नाही, आणि अर्धवट सोडलेल्या पदवीला बाजारात किंमत नाही. तीन सत्रे पूर्ण केलेल्या मुलाला तीन-अष्टमांश इंजिनिअरचा पगार कोणी देत नाही!

शिवाय हिशेबात फीच तेवढी धरली जाते. चार वर्षे मुलगा कमावत नाही, हाही खर्चच होय. शासनाने या बाबतीत काही केले नाही असे मात्र नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजना आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले आहे. या शेवटच्या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. ज्या घरात एकाच मुलाला शिकविण्याइतके पैसे होते तेथे आतापर्यंत मुलीचा नंबर कधी लागत असे, हे सांगावयास नको. पण वसतिगृह, खानावळ, पुस्तके, लॅपटॉप यांचा भार राहतोच. आणि शिष्यवृत्तीची रक्कम जमा होईपर्यंत घरचेच पैसे गुंतून पडतात.

चार पर्यायांची सवय

आता वर्गात जाऊ. महाराष्ट्राची सामाईक प्रवेश परीक्षा ही वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा आहे. (२०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे राज्याने केंद्रीय जेईई स्वीकारली होती, २०१६ पासून अभियांत्रिकीसाठी पुन्हा आपली सीईटी आली.) तीत गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र मिळून दीडशे प्रश्न, दोनशे गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. म्हणजे दोन वर्षे मुलगा चार पर्यायांतून एक निवडण्याचा, आणि न आल्यास ठोकून देण्याचा सराव करीत असतो. क्लासमध्ये त्याला युक्त्या शिकवितात: पर्याय सूत्रात घालून पाहा, मिती तपासा, दोन पर्याय बाद करा. या युक्त्या निरुपयोगी आहेत असे नव्हे. परंतु पहिल्या सत्रात ‘एम-वन’च्या पेपरात जेव्हा कोरे पान समोर येते आणि उत्तर पायरीपायरीने लिहावयाचे असते, तेव्हा हाताला लिहिण्याची सवयच उरलेली नसते. हुशार मुलगा एम-वनमध्ये का राहिला, असे पालक विचारतात. त्याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच्या बुद्धीत नसून आधीच्या दोन वर्षांच्या शिकवणीत असते.

दुसरा प्रसंग अभियांत्रिकी आरेखनाचा. घन वस्तू कागदावर समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल ते काढावयाचे. ज्या शाळांत तांत्रिक विषय होता तेथील मुलांच्या हाती टी-स्क्वेअर आठवीतच येत असे. तो विषय बहुतेक शाळांतून मागे पडला. पहिल्या आठवड्यात शेजारचा मुलगा मिनी-ड्राफ्टर सराईतपणे लावतो आणि ह्याला स्क्रू कोणता आवळावयाचा तेही कळत नाही. एवढ्याशा गोष्टीने माणूस खचतो. मग शीट दुसऱ्याच्या शीटवरून काचेवर ठेवून उतरविण्याची प्रथा आहेच. तीत रेषा येतात, डोळा येत नाही.

तिसरी अडचण भाषेची. हिच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, इंग्रजी आलीच पाहिजे, नाहीतर घरी बसा. दुसरे म्हणते, सारेच मराठीतून करा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरूही झाली. प्रयोग स्तुत्य आहे, परंतु अलिबागच्या मुलाचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण त्याला ज्या वर्गात जागा मिळाली तेथे इंग्रजीच चालणार. त्याची खरी अडचण अशी की, त्याने दहावीपर्यंत ‘संवेग’ शिकला आणि कॉलेजात त्याला ‘मोमेंटम’ भेटला. पुढच्याच तासाला ‘मोमेंट’ आला. इंग्रजीत दोन्ही शब्द भावंडांसारखे दिसतात. मराठीत एक संवेग, दुसरा आघूर्ण. घोटाळ्याला जागाच नाही. प्राध्यापकाने एकच वाक्य मराठीत टाकले असते तर मुलाचा आठवडा वाचला असता. स्पष्टीकरण मराठीत आणि परिभाषा दोन्ही भाषांत, एवढे पहिल्या सत्रापुरते करावयास कोणत्या परिपत्रकाची गरज आहे? बरेच प्राध्यापक स्वतः मराठी शाळांतून आलेले असतात. वर्गात मराठी उच्चारणे कमीपणाचे वाटते, ही त्यातली खरी अडचण.

चौथी गोष्ट वेळेची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या एकामागून एक होतात. ज्याला पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तो तेथेच स्थिर होतो. बाकीचे पुढील फेरीच्या आशेवर थांबतात. पसंतीक्रम आणि गुणवत्ता यांची सांगड घालण्याच्या अशा पद्धतींवर गेल आणि शेपली यांनी १९६२ साली लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे, आणि त्या विषयातील कार्यासाठी शेपली व रॉथ यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पद्धत न्याय्य आहे. पण तिच्या शेवटच्या फेरीतून येणारा मुलगा वर्गात पोहोचतो तेव्हा दोन-दोन प्रकरणे शिकवून झालेली असतात, प्रयोगाच्या तुकड्या पडलेल्या असतात आणि वसतिगृहातल्या खोल्या भरलेल्या असतात. उशिरा येणारा बहुधा तोच असतो ज्याचे गुण थोडे कमी आणि घरची माहिती त्याहून कमी. म्हणजे ज्याला जास्त वेळ हवा त्यालाच कमी वेळ मिळतो.

यावर असे म्हणणारे भेटतात की, उच्च शिक्षण ही स्पर्धा आहे. जे टिकतील ते टिकतील. हा युक्तिवाद विनाअनुदान संस्थांच्या तोंडी विशेष शोभत नाही. फी सर्वांकडून पूर्ण घ्यावयाची आणि नापास झाल्यावर गुणवत्तेचा दाखला द्यावयाचा, हा व्यवहार कोणत्या बाजारात चालतो? जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाची माहिती असते आणि घेणाऱ्याला नसते तेथे बाजार बिघडतो. त्यांचे उदाहरण जुन्या मोटारींचे होते. पेझारी नाक्यावरचा जाहिरातीचा फलक पाहून कॉलेज निवडणाऱ्या बापाची स्थिती काही वेगळी नसते. पहिल्या सत्रात किती मुले सर्व विषयांत उत्तीर्ण झाली, हा आकडा त्या फलकावर कधीच नसतो. प्रत्येक महाविद्यालयाने माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर तो छापावा, असे बंधन शुल्क मंजूर करतानाच घालता येईल.

तीन आठवडे

तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीचा भार १६० श्रेयांकांपर्यंत खाली आणला आणि त्याबरोबरच नवागतांसाठी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम सांगितला. कला, खेळ, मानवी मूल्ये, पायाभूत विषयांची उजळणी, स्थानिक परिसराच्या भेटी, अशी त्याची मांडणी आहे. कागदावर ही योजना उत्तम म्हणावी लागेल. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पाहुण्यांची भाषणे, शाल-श्रीफळ, संस्थेच्या अध्यक्षांचे मनोगत आणि चौथ्या दिवसापासून नेहमीचे वेळापत्रक, असे तिचे रूप होते. कार्यक्रमाची छायाचित्रे मात्र अहवालात व्यवस्थित लागतात. रॅगिंगविरोधी शपथपत्रेही अशीच भरून घेतली जातात. महाराष्ट्राचा त्याविषयीचा कायदा १९९९ चा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ चे; त्यांमुळे उघड छळ कमी झाला हे निश्चित. पण एकटेपणा कायद्याने कमी होत नाही. रात्री खानावळीतून येऊन खोलीत बसलेल्या मुलाला ‘तुला कळत नाही का? मलाही नव्हते कळले’ असे सांगणारा वरच्या वर्गातला एक मुलगा मिळाला तर अर्धे काम होते. रॅगिंगच्या धास्तीने संस्था ज्येष्ठ आणि कनिष्ठ यांना एकमेकांपासून तोडून ठेवतात, त्यात हेही जाते.

‘स्थानिक परिसराच्या भेटी’ हे कलम मात्र रायगड जिल्ह्यात सोन्यासारखे वापरता येईल. खारेपाटातला मुलगा अभियांत्रिकी काहीच न पाहता येतो, ही समजूत चुकीची आहे. त्याने बांधावरची उघाडी पाहिलेली असते. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने दार मिटते, ओहोटीला शेतातले पाणी ते ढकलून बाहेर पडते. एकाच दिशेने प्रवाह सोडणारी झडप म्हणून प्रयोगशाळेत जी पितळी वस्तू दाखवितात तिचे तत्त्व हेच. खांड गेली म्हणजे काय होते, खारे पाणी शेतात शिरल्यावर किती वर्षे पीक येत नाही, हे त्याला कोणत्याही पुस्तकापेक्षा नीट माहीत असते. पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोहे भागातल्या मुलाने गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढलेली असते. साचा किती भागांत करावयाचा, कोठे अडकेल, कोठे तडा जाईल हे त्याच्या बोटांना कळते. कार्यशाळेच्या तासाला ओतकाम शिकवताना त्याला कोणी विचारत नाही, इतकेच.

आणि खुद्द अलिबागेत समुद्राजवळ जी चुंबकीय वेधशाळा आहे तिच्याकडे पाहा. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा त्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार हे उघड झाले. संचालक नानाभाई मूस यांनी पर्याय म्हणून अलिबाग निवडले. १९०४ साली येथे नोंदी सुरू झाल्या, आणि जुन्या व नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले गेले. मोजणारे उपकरण हलवायचे असेल तर आधी जुन्या आणि नव्याची सांगड घाला, हा धडा याहून स्पष्ट कोठे मिळेल? पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रात चुंबकत्व असते. अलिबागच्या कनिष्ठ महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या किती मुलांना त्या वेधशाळेचा हा इतिहास कोणी सांगितलेला असतो, हे तेथील शिक्षकांनीच पाहावे.

शाखेच्या निवडीतही हीच अनभिज्ञता दिसते. थळचा खत कारखाना, उसरचा वायुप्रकल्प, डोलवीचे पोलाद, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, धाटाव आणि महाडच्या रासायनिक वसाहती असा उद्योगांचा पट्टा जिल्ह्यात आहे. त्याला साजेशी पेट्रोरसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी लोणेऱ्यास शिकविली जाते. मुलांची रीघ मात्र संगणकाकडे. २०२४ मध्ये परिषदेने शाखांच्या प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादा काढली, तेव्हापासून ती रीघ आणखी सोयीची झाली आहे. संगणक शिकू नये असे कोण म्हणेल! परंतु ज्या मुलाने संगणक ही शाखा केवळ शेजाऱ्याने घेतली म्हणून घेतली, त्याला तिसऱ्या आठवड्यात वाटू लागते की आपण चुकलो, आणि हे तो घरी बोलू शकत नाही. गुंठे विकले गेलेले असतात. बुडालेल्या खर्चाकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये, असे अर्थशास्त्र सांगते. पण ज्या घरात तो खर्च जमिनीच्या रूपाने रोज डोळ्यांसमोर, दुसऱ्याच्या कुंपणाआड दिसत असतो, त्या घराला ते सांगणे सोपे नाही. म्हणून मुलगा गप्प राहतो. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी येतो, पुस्तके बरोबर आणत नाही, आणि आईला वाटते अभ्यास संपला असेल.

या मुलाला हात देण्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. पहिल्या सत्रात उजळणीचे तास संध्याकाळी ठेवता येतील. ते घेणाऱ्या तरुण, बहुधा कंत्राटी, अध्यापकांना त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, फुकट राबवून घेऊन नव्हे. कनिष्ठ महाविद्यालयांनी बारावीची परीक्षा आणि सत्रारंभ यांमधल्या रिकाम्या महिन्यांत आरेखनाचे आणि सविस्तर उत्तर लिहिण्याचे वर्ग घ्यावेत. अलिबागेत हे काम करू शकणारे निवृत्त शिक्षक आणि थळच्या कारखान्यातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ आहेत. आणि सर्वांत आधी वेळापत्रक. शेवटच्या फेरीतून आलेला मुलगा वर्गात पहिल्यांदा बसेल तो दिवस आणि पहिली चाचणी यांच्यात निदान चार आठवडे असावेत, आणि त्या चार आठवड्यांत त्याची राहून गेलेली प्रकरणे त्याला पुन्हा शिकविली जावीत. चाचणीची तारीख फलकावर लावण्यापूर्वी प्राचार्यांनी हजेरीपटाच्या तळाशी शाईने नंतर लिहिलेली नावे एकदा मोजून घ्यावीत.